गौरी जेवल्या, आता पातेल्यांचं काय?

गौरीपूजनाच्या दिवशी स्वयंपाक मोजूनमापून होत नाही. सवाष्ण जेवायला बोलावलेली असते, हळदीकुंकवाला येणाऱ्यांची गणती नसते, आणि ऐन वेळी कुणाच्या तरी सासरची चार माणसं दर्शनाला येतात ती जेवल्याशिवाय जायची नसतात. नैवेद्याच्या ताटात एकही पदार्थ कमी पडून चालत नाही, म्हणून सगळे पदार्थ होतात. कुणी उपाशी जाऊ नये म्हणून प्रत्येक पदार्थ थोडा जास्तच होतो. दुपारी शेवटची पंगत उठते तेव्हा ओट्यावर पुरणाचा डबा, अर्धं पातेलं कटाची आमटी, परातीत भात, अळूचं फदफदं, सोळा भाज्यांची भाजी, वडे, भजी, मोदक आणि खीर असं सगळं थोडं थोडं उरलेलं असतं. सकाळपासून उभ्या असलेल्या बाईचे पाय बोलायला लागलेले असतात. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून सगळ्यावर झाकण पडतं.

नेमकं इथेच बिघडतं. उरलेल्या अन्नाचं दुसऱ्या दिवशी काय करायचं याच्या पाककृती आपल्याकडे ढिगाने आहेत. पण अन्न टिकतं की नासतं हे पंगत उठल्यानंतरच्या दोन तासांत ठरतं. भाद्रपदातली हवा दमट आणि कोंदट, त्यात घर माणसांनी भरलेलं. म्हणून आधी त्या दोन तासांबद्दल, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या कढईबद्दल.

आधी वर्गवारी: मुरणारं, सुकणारं, नासणारं

उरलेलं अन्न आपण गोड एकीकडे, तिखट एकीकडे असं लावतो. त्याऐवजी तीन गट करा.

मुरणारं म्हणजे दुसऱ्या दिवशी चवीला चढणारं: कटाची आमटी, अळूची भाजी, चिंचगुळाचं पंचामृत, काळ्या वाटाण्याची उसळ. चिंच, गूळ आणि गोडा मसाला यांना एकमेकांत उतरायला वेळ लागतो, म्हणून हे पदार्थ ताजे असताना जितके चांगले लागतात त्याहून शिळे अधिक चांगले लागतात. फक्त ते थंडीत मुरायला हवेत, ओट्यावर नव्हे.

सुकणारं म्हणजे पोळ्या, पुरणपोळ्या, वडे, पापड, कुरडया, फराळाचे जिन्नस. यांना मुख्य धोका हवेचा. एक तर ते कडक होतात, नाहीतर सादळतात. पुरणपोळीत पुरणाचा ओलावा असतो, तेवढी तिची काळजी जास्त घ्यायची. बाकीच्यांना दुरुस्त करता येतं.

नासणारं म्हणजे भात, दूध, ओलं खोबरं, दही घातलेली कोशिंबीर, खीर, बासुंदी, उकडीचे मोदक. पहिला हात यांना लावायचा. दमलेल्या माणसाला एकच काम करण्याइतकं त्राण उरलं असेल, तर त्याने हा तिसरा गट फ्रिजमध्ये टाकावा आणि मग खुशाल आडवं व्हावं.

पहिले दोन तास

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये असतं तेव्हा त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटना शिजवलेलं अन्न घरातल्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये असं सांगते ते यामुळेच. खोली तापलेली असेल तर एक तास धरावा. स्वयंपाक सकाळी अकराला झाला, नैवेद्य बाराला आणि शेवटची पंगत तीनला, तर तीनपर्यंत चार तास गेलेले असतात हे लक्षात घ्या. त्यामुळे खरी युक्ती आधीची आहे. स्वयंपाक झाला की प्रत्येक पदार्थाचे दोन भाग करावेत. पहिल्या पंगतीपुरतं वाढायच्या भांड्यात, बाकीचं लगेच निववून फ्रिजमध्ये. दुसऱ्या पंगतीला लागेल तसं काढून उकळायचं. यात आणखी एक फायदा होतो. फ्रिजमधल्या भागाला वाढणाऱ्याचा डाव, ताटाला लागलेला चमचा, कुणाचाही हात लागलेला नसतो. उरलेल्यातलं ‘स्वच्छ’ आणि ‘वाढलेलं’ वेगळं राहतं.

पाच-सहा लिटर आमटीचं पातेलं झाकून ठेवलं तर बाहेरून हाताला गार लागतं, पण रात्री डाव घालून ढवळलं की मधून वाफ येते. वरचा थर निवतो, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जिवाणूंना तोच भाग हवा असतो. मोठ्या पातेल्यांतली डाळ, रस्से आणि मटण बाधतात ते बहुतेकदा असे. उपाय अगदी घरगुती आहे. मोठी परात घ्या, तीत गार पाणी आणि असेल तर बर्फ घाला, पातेलं त्यात ठेवून मधूनमधून ढवळा. मग आमटी पसरट डब्यांत दोन-दोन इंच खोलीने ओता. अर्ध्या तासात ती फ्रिजमध्ये जाण्याजोगी होते. कोमट डबा फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. रसरशीत गरम पातेलं मात्र ठेवू नका, त्याने शेजारचं दूध तापतं.

आणि एक भांड्यांचं. चिंच, कोकम, ताक, दही घातलेले पदार्थ पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहू देऊ नका. कल्हई जुनी झाली असेल तर ते कळकतात. ॲल्युमिनियमही टाळा. स्टील किंवा काच उत्तम.

भात: सगळ्यात साधा, सगळ्यात खट्याळ

भात शिळा असला की फोडणी दिली, एवढ्यावर आपण थांबतो. पण तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू बीजरूपाने असतो. ही बीजं भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात आणि एक विष तयार होतं, ज्याने जेवल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली, तरी विष तसंच राहतं. त्याला वास येईलच असंही नाही.

म्हणून भात पंगत उठल्याबरोबर परातीत पसरावा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. एवढं पाळलं तर शिळा भात ही मोठी सोय आहे, कारण त्याचे दाणे सुटे आणि घट्ट झालेले असतात. ताज्या भाताचा फोडणीचा भात गिचका होतो.

उपयोग तीन. पहिला अर्थातच फोडणीचा भात. तेलात शेंगदाणे आधी तळून काढा, मग मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, भरपूर कांदा. भात हाताने मोकळा करून घाला आणि झाकण ठेवून वाफ आणा. दुसरा दहीभात. विसर्जनाला गौरींच्या शिदोरीसाठी तो अनेक घरांत करतातच. मात्र प्रवासात न्यायचा असेल तर थंड भातात थंड दूध जास्त आणि दही कमी घाला, म्हणजे तो आंबट होत नाही. तोही दोन तासांत खायचा. तिसरा भाताचे वडे. दोन वाट्या भात हाताने कुस्करा, त्यात पाऊण वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, कांदा, आलं-मिरची, कोथिंबीर घालून थापून तळा किंवा तव्यावर कमी तेलात भाजा. मसालेभात उरला असेल तर त्याच्या वड्यांना वेगळा मसाला लागतच नाही. सांडगे मात्र आता घालू नका; भाद्रपदातल्या उन्हाचा भरवसा नाही, ते चैत्र-वैशाखातलं काम.

पुरण, पोळी आणि आमटी

पुरण उरलं तर ते पुरण म्हणूनच ठेवा. सगळ्याच्या पोळ्या लाटून टाकू नका. पुरणाचे चार पदार्थ होतात, पोळीचा एकच. उरलेलं पुरण आधी मंद आचेवर परतून कोरडं करा, उलथनं त्यात उभं राहिलं पाहिजे. निवलं की वाटी-वाटीच्या चपट्या पुड्या पिशव्यांत भरा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बर्फाच्या कप्प्यात महिनाभर राहतं. चपटी पुडी अर्ध्या तासात सुटते, गोळा अर्धा दिवस घेतो.

या पुरणाचे दिंड करा. कणकेची पुरी लाटून मधे पुरण, चारी बाजू दुमडून चौकोनी घडी, आणि मोदकपात्रात १२ ते १५ मिनिटं वाफ. तळण नाही, लाटणं नाममात्र. किंवा पुरणाची खीर करा. वाटीभर पुरण थोड्या पाण्यात सैल करून उकळा, गॅस बंद करा, जरा निवू द्या आणि मग दोन वाट्या कोमट दूध घाला. हा क्रम महत्त्वाचा, कारण गुळाबरोबर दूध उकळलं तर फाटतं. वर जायफळ. घट्ट पुरणाचे तळलेले कडबू मुलांना डब्यात देता येतात.

तयार पुरणपोळ्या पूर्ण निवल्याशिवाय एकावर एक रचू नका. वाफ धरली की दुसऱ्या दिवशी चिकट होतात आणि बुरशी लवकर धरते. या दमट दिवसांत बाहेर फार तर एक दिवस. जास्त ठेवायच्या असतील तर दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये. गरम करताना मंद तवा, झाकण आणि कडेने तूप. मायक्रोवेव्हमध्ये ती आधी मऊ होते आणि ताटात येईपर्यंत वातड.

साध्या पोळ्यांचा नियम उलटा आहे. त्या फ्रिजमध्ये लवकर कडक होतात, कारण शिजलेला स्टार्च फ्रिजच्या थंडीत सगळ्यात वेगाने घट्ट होतो. दुसऱ्या सकाळी खायच्या असतील तर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात बाहेरच बऱ्या, जास्त दिवस ठेवायच्या असतील तर थेट बर्फाच्या कप्प्यात.

दुसऱ्या सकाळची फोडणीची पोळी ही सणाच्या थकव्यावरची खरी न्याहारी. ती मिक्सरमध्ये फिरवू नका, पीठ होतं. हाताने कुस्करा, दाताखाली तुकडा लागला पाहिजे. कांदा चांगला लालसर झाल्यावर पोळी घाला, चिमूटभर साखर, मीठ, आणि मग ताकाचा एक हबका मारून झाकण. ताकाने कुस्करा मऊ होतो, पण लगदा होत नाही. झाकण काढल्यावर दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतलं की कडा कुरकुरीत होतात. मराठवाड्यात शिळ्या भाकरीचे कुटके असेच फोडणीला टाकतात. गोडाची हौस असेल तर गूळ आणि तूप घालून मलिदा.

कटाची आमटी फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. रोज सगळं पातेलं उकळून परत ठेवण्याची सवय सोडा. लागेल तेवढीच काढून खळाखळा उकळा. दुसऱ्या दिवशी तिची चकोल्यांसाठी योजना करा, कुणी वरणफळं म्हणेल. आमटीत तितकंच पाणी घालून उकळी आणा, कारण मुरलेली आमटी तिखट-आंबट झालेली असते आणि कणीक रस शोषून घेते. कणकेत हळद, तिखट, ओवा घालून पोळी लाटा, शंकरपाळ्यांसारखी कापा आणि एकेक तुकडा उकळत्या आमटीत सोडा. एकदम ढीग टाकला तर गोळा होतो. दहा मिनिटांनी वरून तूप.

भाज्या, वडे, भजी

सोळा भाज्यांची भाजी थालीपिठासाठीच जन्माला आली असावी. वाटीभर भाजी हाताने चुरडून घ्या, त्यात मावेल तेवढी भाजणी घाला, वेगळं पाणी घालू नका, मीठ चाखून मगच. भाजणी संपली असेल तर ज्वारीचं पीठ दोन भाग, बेसन एक भाग, धने-जिरे भरड. सुकी बटाट्याची भाजी तर वरदान: सकाळी पराठ्यात, दुपारी सँडविचमध्ये, संध्याकाळी बटाटेवड्यात. अळूचं फदफदं कुठे घालायला जाऊ नका. गरम भाकरीबरोबर ते जसं आहे तसंच खावं.

काकडीच्या दही घातलेल्या कोशिंबिरीला पाणी सुटतं. म्हणून वाढतानाच दही घालायची सवय लावा. नुसती चोचवलेली काकडी उरली तर ती पिळून धपाट्यांत जाते, आणि पिळलेलं पाणी पीठ भिजवायला.

भजी उरली तर कढी करा, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी भजी सोडा. उडदाचे वडे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, हलक्या हाताने दाबून दह्यात घाला. दहीवडे वेगळे करायला नकोत. पापड-कुरडया सादळल्या असतील तर चुरा करून कांदा, कोथिंबीर, तिखट, कच्चं तेल लावा. भाकरीबरोबर तोंडीलावणं होतं.

कोकणात आणि मुंबईतल्या कोकणी घरांत काही ठिकाणी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटणाच्या रश्शाला वरचा परातीचा नियम अधिक कडक लावा. मासळीची आमटी उरली तर गोव्याची वाट धरा. तिथे ‘कालची कडी’ ही न्याहारी आहे: रात्रीची माशाची कढी सकाळी मडक्यात मंद आचेवर आटवत नेतात, ती दाट झाली की पावाबरोबर खातात. आदल्या रात्री मात्र ती फ्रिजमध्येच असली पाहिजे.

मोदक आणि दुधाचं

उकडीचे मोदक त्याच दिवशी संपवावेत. उरलेच तर डब्यात ओल्या फडक्याखाली ठेवून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी मोदकपात्रात पाच-सात मिनिटं वाफ. पुन्हा मऊ होतात, फक्त कळ्या थोड्या बसतात. उकड आणि सारण वेगवेगळं उरलं तर अधिक चांगलं. उकडीत मीठ, मिरची, जिरं, कोथिंबीर मळून छोट्या चपट्या निवगऱ्या वाफवा. मोदकाइतकीच त्यांची वाट बघणारी माणसं घराघरांत असतात. सारण परतून कोरडं करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. ते पुढे घावनाबरोबर, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत किंवा साध्या पोळीत भरून उपयोगी पडतं. तळणीचे मोदक सुक्या खोबऱ्याच्या सारणाचे असतील तर हवाबंद डब्यात आठ दिवस सहज राहतात.

श्रीखंड फ्रिजमध्ये चार-पाच दिवस ठीक राहतं, पण त्यात वाटीतला उष्टा चमचा जाऊ देऊ नका. शेवटचं वाटीभर श्रीखंड वाटीभर ताज्या ताकात घुसळा, जायफळ-केशर घाला: पियुष तयार. बासुंदी दुसऱ्याच दिवशी साच्यात ओतून कुल्फी करावी. शेवयांची खीर थंड होऊन घट्ट बसते. तिला दूध घालून सैल करा, पाणी नको.

पूजेचं दूध-दही-मधाचं पंचामृत वेगळ्या जातीचं. ते देवापुढे तासन्‌तास उघडं राहिलेलं असतं. तीर्थ म्हणून वाटून संपवा आणि मुद्दाम कमीच करा. जेवणातलं चिंचगुळाचं पंचामृत मात्र फ्रिजमध्ये आठवडाभर निर्धास्त.

फराळ आणि देवापुढचा प्रसाद

गौरींपुढे मांडलेला फराळ दोन-तीन दिवस उघडा असतो, म्हणून विसर्जनानंतर चकल्या, शेव, चिवडा मऊ पडलेला असतो. मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं किंवा जाड कढईत अगदी मंद आचेवर परतून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात. गरम भरला की पुन्हा सादळतो. मोडक्या चकल्या आणि शेव भेळेत, मिसळीवर. शेव जास्त असेल तर खानदेशी शेवभाजी. बेसनाचे लाडू फुटले तर थोड्या दुधात मळून त्यांचं सारण करा आणि पोळी लाटा, चव गूळपोळीच्या घराण्याची होते. करंजीचं सारण उरलं तर साटोऱ्या.

पेढ्यांच्या बाबतीत मात्र भावनेत वाहू नका. खव्याचा पदार्थ लवकर बिघडतो. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ‘या तारखेपर्यंत खावी’ हे लिहिणं देशभर बंधनकारक झालं आहे. प्रसाद आणतानाच ती तारीख बघा आणि घरी डब्यावर लिहा. चांगले आहेत तोवर पाच-सहा पेढे दुधात विरघळवून आटवले की झटपट बासुंदी होते, शिऱ्यात साखरेऐवजी घातले तर शिरा मऊसूत होतो.

नारळांचा ढीग असेल तर सगळे एकदम फोडू नका. फोडलेले खवून, पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात. केळी काळी पडू लागली की सोलून, तुकडे करून तिथेच. शिरा, गुलगुले, थालीपीठ कशालाही येतात. दुर्वा, फुलं, केळीची पानं आणि पत्रावळी या कंपोस्टच्या कुंडीत. तेलकट अन्न तिथे नको, घुशी येतात.

तळणीचं तेल

दिवसभर तळण झालेलं तेल निवल्यावर फडक्यातून गाळा. तळाचा काळा चुरा राहिला की पुढच्या वेळी तोच जळतो आणि तेल लवकर खराब होतं. गाळलेलं तेल काळोखात ठेवा आणि आठवड्याभरात फोडण्यांना संपवा. ताज्या तेलाच्या डब्यात ओतू नका. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातल्या ‘पोलर’ घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, ती व्यावसायिकांसाठी. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण खुणा असतात: तेल दाट आणि गडद होणं, फेस येणं, कमी तापमानाला धूर सुटणं. त्यांतली एक दिसली तरी ते टाकण्यालायक. सिंकमध्ये ओतू नका. बाटलीत भरून वेगळं द्या, काही शहरांत ते बायोडिझेलसाठी घेतात.

फ्रिज लावणं आणि पुन्हा गरम करणं

गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करायला घ्या. सणाच्या दिवशी जागा शोधत बसाल तर आमटीचं पातेलं बाहेरच राहणार. फ्रिज ५ अंशांच्या खाली, बर्फाचा कप्पा उणे १८ असावा. डबे कोंबू नका, हवा फिरायला जागा हवी. प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी: पदार्थ, तारीख. घरातल्या बाकीच्यांनाही मग विचारावं लागत नाही. शिजलेलं वरच्या कप्प्यात, कच्चं खाली. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो, भरलेला बर्फाचा कप्पा त्याहून कितीतरी जास्त.

गरम करताना अन्न आतपर्यंत ७० अंशांच्या वर जायला हवं. थर्मामीटर नसला तर रश्श्याला खळखळून उकळी आणि सुक्या भाजीला मधोमध वाफ, एवढं बघा. एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवायचं नाही. बर्फातून काढलेलं ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्ये सोडवायचं. गरोदर बाई, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या ताटात शंकेचं काही जाऊ देऊ नका. वास घेऊन, चाखून खात्री होत नाही. किती वेळ बाहेर होतं हे आठवून होते. आठवत नसेल तर टाकावं, त्यात पाप नाही.

देणं असेल तर त्याच दिवशी

पाहुण्यांबरोबर डबे द्यायचे असतील तर ते पंगतीआधी भरून ठेवा. घरकामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला द्यायचं तेही ताजं, त्याच दुपारी, आपल्या ताटासारखं लावून. चौथ्या दिवशी फ्रिज रिकामा करताना दिलेलं अन्न म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या घरात ठेवणं. मोठ्या कुटुंबांत वीस-तीस माणसांचं उरलं तर रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवकांचे गट अनेक शहरांत ते गरजूंपर्यंत नेतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये अशा वाटपासाठी नियमच केले आहेत. अशा गटांचा संपर्क सणाच्या आधीच शोधून ठेवा. दुपारी चारला फोन लावला तर संध्याकाळपर्यंत कुणी येईलच असं नाही.

पुढच्या वर्षासाठी दोन ओळी

उरलेल्या अन्नाचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे ते पुढच्या वर्षी कमी उरणं. विसर्जनाच्या संध्याकाळी, आठवण ताजी असताना, स्वयंपाकघरातल्या वहीत लिहून ठेवा: किती माणसं जेवली, डाळ किती भिजवली, पुरण किती उरलं, भात किती, काय कमी पडलं. नैवेद्याच्या पदार्थांची संख्या कमी करायला कुणाचंच मन होत नाही आणि करायचीही गरज नाही. संख्या तीच ठेवून मापं बदलायची. बहुतेक घरांत असं दिसेल की भात आणि कोशिंबीर दरवर्षी उरते, पुरणपोळी आणि आमटी दरवर्षी पुरते किंवा कमी पडते. मग भाताचा एक कुकर कमी लावा, आणि वाचलेल्या वेळात थोडं जास्त पुरण शिजवा. ते उरलं तरी बिघडत नाही. त्याचं काय करायचं ते आता ठाऊक आहे.